निद्रारोगाशी लढणारं जनुक किडनीला का भोवतं?

अमेरिकेत किडनी पूर्ण निकामी होऊन डायलिसिसवर येणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा वर्षानुवर्षं तीन-चार पट राहिलं. डॉक्टर त्याचं खापर उच्च रक्तदाबावर फोडत. सामाजिक आरोग्याचे अभ्यासक गरिबी, विमा नसणं, उशिरा होणारं निदान ही कारणं पुढे करत. या सगळ्यात तथ्य आहेच, तरी हिशेब पुरता जुळत नव्हता. काही घराण्यांत रक्तदाब वाढायच्या आधीच, ऐन पंचविशी-तिशीत लघवीला फेस यायला लागायचा, म्हणजे लघवीतून प्रथिनं जायला लागायची, आणि काही वर्षांत किडनी बसायची. तेवढाच रक्तदाब असलेल्या दुसऱ्या कुणाची किडनी मात्र शाबूत राहायची.

२००८ मध्ये दोन संशोधन गटांना २२व्या गुणसूत्राच्या एका तुकड्यात या फरकाचा माग लागला. तिथे एमवायएच-९ नावाचं जनुक होतं. किडनीच्या गाळणीतल्या पेशींशी त्याचा संबंध आधीपासून माहीत होता, त्यामुळे गुन्हेगार सापडला असंच बहुतेकांना वाटलं. पण त्या जनुकात बिघाड घडवणारा नेमका बदल काही केल्या हाती लागेना.

तो लागला २०१० मध्ये, शेजारच्या जनुकात. बोस्टनमधल्या मार्टिन पोलाक आणि डेव्हिड फ्रीडमन यांच्या गटाने त्या सुमारास खुली झालेली 'एक हजार जीनोम' या, जगभरातल्या माणसांचे जनुकसंच वाचणाऱ्या प्रकल्पाची माहिती वापरली. या प्रकल्पात नायजेरियातल्या इबादान शहरातले योरुबा लोक होते. त्यांच्यात वारंवार आढळणारे आणि युरोपीय लोकांत जवळपास नसलेले बदल शोधता शोधता हा गट एपोल-१ या जनुकापाशी पोचला. त्याच वर्षी इस्रायलमधल्या संशोधकांनीही स्वतंत्रपणे हेच जनुक दाखवून दिलं. अमेरिकेतल्या हजारो रुग्णांच्या आजाराची किल्ली अशी इबादानच्या काही निरोगी माणसांच्या रक्तात सापडली. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. ज्या लोकांचे जनुकसंच कुणी वाचलेच नव्हते, ते वाचल्यावर दोन वर्षं अडलेलं गाडं पुढे सरकलं.

माशी, परजीवी आणि एक प्रथिन

एपोल-१ हे जनुक आपल्या सगळ्यांकडे असतं. त्यापासून बनणारं प्रथिन चांगल्या कोलेस्टेरॉलच्या कणांवर स्वार होऊन रक्तात फिरत असतं. त्याचं काम मारेकऱ्याचं आहे. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत त्सेत्से नावाची माशी असते. ती चावली की ट्रिपॅनोसोम नावाचा एकपेशीय परजीवी रक्तात शिरतो. गुरांना त्यामुळे 'नगाना' होतो, त्यात जनावर खंगून मरतं. माणसाच्या रक्तात मात्र या परजीवीच्या बहुतेक जाती टिकत नाहीत. परजीवी रक्तातले कोलेस्टेरॉलचे कण अन्न म्हणून गिळतो, त्यांच्यासोबत एपोल-१ आत जातं, परजीवीच्या पचनाच्या आम्लात ते आपलं रूप पालटतं आणि तिथल्या पडद्याला भोकं पाडतं. त्या भोकांतून क्षार आणि पाणी आत घुसतं, परजीवी टम्म फुगतो आणि फुटतो.

परजीवीच्या दोन उपजाती यातून सुटल्या. पश्चिम व मध्य आफ्रिकेतली गॅम्बिएन्स आणि पूर्वेकडची ऱ्होडेसिएन्स. माणसाला निद्रारोग होतो तो यांच्यामुळे. आधी ताप, गाठी, सांधेदुखी, मग परजीवी मेंदूत पोचला की दिवसा झोप आणि रात्री जाग, बोलण्या-चालण्यात घोळ, आणि उपचार न मिळाल्यास मृत्यू. ऱ्होडेसिएन्सची युक्ती शास्त्रज्ञांना नीट कळली आहे. ती एसआरए नावाचं एक प्रथिन बनवते. हे प्रथिन एपोल-१ च्या शेपटाला चिकटतं आणि त्याला निकामी करतं.

माणसाच्या बाजूने याला उत्तर निघालं ते गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत. आफ्रिकेत एपोल-१ ची दोन नवी रूपं तयार झाली, त्यांना जी-१ आणि जी-२ म्हणतात. जी-१ मध्ये प्रथिनाच्या शेपटाकडच्या दोन कड्या (अमिनो आम्लं) बदललेल्या असतात, जी-२ मध्ये शेजारशेजारच्या दोन कड्या गळालेल्या असतात. बदल एवढासाच, पण त्यामुळे एसआरएला शेपूट नीट धरता येत नाही. ब्रुसेल्समधल्या एतिएन पेइस यांच्या प्रयोगशाळेने ही रूपं असलेल्या माणसांचं रक्तद्रव घेऊन पाहिलं, तर त्यात ऱ्होडेसिएन्स परजीवी मरत होते. हे रूप ज्यांच्याकडे होतं ते निद्रारोगातून वाचले, त्यांची मुलंबाळं वाढली, आणि हे रूप पसरत गेलं.

किंमत चुकवावी लागते ती किडनीत. किडनीच्या गाळणीला बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी बोटांसारखी टोकं एकमेकांत गुंफून बसलेल्या असतात. या पेशी स्वतःही एपोल-१ बनवतात. साधं रूप असेल तर काही बिघडत नाही. पण आई आणि वडील दोघांकडून जी-१ किंवा जी-२ आलं असेल, तर परजीवीला भोकं पाडणारं तेच प्रथिन या पेशींच्या पडद्यातही क्षारांची गळती घडवू शकतं. पोडोसाइट मरतात, आणि या पेशी मेल्या की सहसा पुन्हा तयार होत नाहीत. उरलेल्या गाळणीवर व्रण पडतात आणि लघवीतून प्रथिनं वाहू लागतात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण बातम्यांमध्ये ती हमखास निसटते. दोन्ही प्रती धोक्याच्या असलेल्या बहुसंख्य माणसांना किडनीचा आजार आयुष्यभर होतच नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे १३ टक्क्यांकडे अशा दोन प्रती आहेत, आणि त्यांतले बहुतेक ठणठणीत आहेत. आजार जडायला आणखी काहीतरी घडावं लागतं. सगळ्यात ठळक उदाहरण एचआयव्हीचं. विषाणूशी लढताना शरीर इंटरफेरॉन नावाची संरक्षक प्रथिनं सोडतं, इंटरफेरॉनमुळे एपोल-१ चं उत्पादन वाढतं, आणि ज्याच्याकडे धोक्याच्या दोन प्रती आहेत त्याच्या किडनीवर संकट येतं. एचआयव्हीमुळे होणाऱ्या विशिष्ट किडनीविकाराची शक्यता अशा माणसात सुमारे २९ पट वाढते, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात २०११ मध्ये दिसलं. एका जनुकाने एवढा मोठा फरक पडावा हे नेहमीच्या आजारांमध्ये क्वचितच दिसतं. दिलासा असा की एचआयव्हीची औषधं वेळेवर सुरू केली तर हा विकार बराचसा टळतो. धोका जनुकात असला तरी उपाय बाहेर सापडू शकतो.

प्रत्यारोपणातही याचा पुरावा मिळाला. मृत दात्याच्या किडनीत धोक्याच्या दोन प्रती असतील, तर ती किडनी नव्या शरीरातही सरासरीने लवकर निकामी होते. रुग्णाचं स्वतःचं जनुक कोणतं आहे याने विशेष फरक पडत नाही. म्हणजे दोष रक्तात फिरणाऱ्या प्रथिनाचा नसून किडनीच्या पेशींत तयार होणाऱ्या प्रथिनाचा आहे.

'आफ्रिकी' म्हणजे नेमकं कोण?

जी-१ आणि जी-२ आफ्रिकेत सगळीकडे सारख्या प्रमाणात असतील असं वाटणं साहजिक आहे, पण तसं मुळीच नाही. नायजेरियातल्या योरुबा आणि इग्बो लोकांत त्यांचं प्रमाण खूप जास्त आहे. इथिओपियात ती जवळपास नाहीतच. २०११ मध्ये एचआयव्ही असलेल्या तीनशेहून जास्त इथिओपियन रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात एचआयव्हीचा तो किडनीविकार एकालाही सापडला नाही आणि धोक्याची रूपंही सापडली नाहीत. नायजेरियातलं लागोस आणि इथिओपियातलं अदिस अबाबा ही दोन्ही शहरं आफ्रिकेतलीच, पण या एका आजाराच्या बाबतीत तिथल्या माणसांना एकाच खणात टाकणं चुकीचं आहे.

अमेरिकी वैद्यकाने मात्र बराच काळ नेमकं तेच केलं. रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्यावरून किडनी किती काम करते याचा अंदाज बांधणारं एक सूत्र असतं. २००९ सालच्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला सुमारे १.१६ ने गुणायचं असा नियमच होता. त्यामुळे अशा रुग्णाची किडनी कागदावर जास्त चांगली दिसायची, आणि प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत त्याचं नाव उशिरा लागायचं. २०२१ मध्ये वंश काढून टाकलेलं नवं सूत्र आलं. नंतर तिथल्या प्रत्यारोपण यंत्रणेने या गुणाकारामुळे मागे पडलेल्यांचा प्रतीक्षाकाळ मोजून परत देण्याचा नियम केला. यादीत थांबता थांबता जे गेले, त्यांना त्याचा काय उपयोग? त्वचेच्या रंगावरून जनुक ओळखायला गेलं की असं होतं, आणि त्याची किंमत माणसं मोजतात.

खुद्द आफ्रिकेतलं मोठं उत्तर यायला २०२४ उजाडलं. घाना आणि नायजेरियातल्या आठ हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास तिथल्याच डॉक्टरांच्या जाळ्याने केला. त्यांतल्या २९.७ टक्के लोकांकडे धोक्याच्या दोन प्रती होत्या आणि ४३ टक्के लोकांकडे एक. म्हणजे दर चौघांपैकी जवळपास तिघांकडे निदान एक तरी प्रत. तोवरची समजूत अशी होती की एकाच प्रतीने काही बिघडत नाही. या अभ्यासाने ती हलवली. एक प्रत असलेल्यांना दीर्घकालीन किडनीविकार असण्याची शक्यता १८ टक्क्यांनी जास्त दिसली, दोन प्रती असलेल्यांना २५ टक्क्यांनी. गाळणीत जागोजागी व्रण पडणाऱ्या आजारात हेच आकडे ६१ आणि ८४ टक्के होते. अमेरिकेतल्या अभ्यासांवर विसंबून कुणी घानाची राजधानी अक्रामध्ये सल्ला दिला असता, तर एक प्रत असलेल्यांना, म्हणजे जवळपास निम्म्या लोकांना, 'तुम्हाला काही धोका नाही' असं सांगून घरी पाठवलं असतं.

या गोष्टीत अजून एक गाठ आहे. एसआरए बनवणारा परजीवी पूर्व आफ्रिकेतला, आणि त्याच्याविरुद्धची रूपं सर्वांत जास्त पश्चिमेकडे, असं का? गिनी आणि युगांडातल्या रुग्णांवर २०१७ मध्ये एक अभ्यास झाला. त्यात जी-२ ने ऱ्होडेसिएन्सपासून संरक्षण मिळताना दिसलं. पश्चिमेकडच्या गॅम्बिएन्सच्या बाबतीत मात्र जी-१ असलेल्यांच्या अंगात परजीवी लक्षणं न दाखवता राहतो, आणि जी-२ असलेल्यांना उलट जास्त त्रास होतो, असं चित्र निघालं. एकाच जनुकाची दोन रूपं आणि परजीवीच्या दोन उपजाती, आणि प्रत्येक जोडीचा निकाल वेगळा.

सगळ्यात जास्त वैविध्य, सगळ्यात कमी अभ्यास

आधुनिक माणूस आफ्रिकेत निर्माण झाला, त्याला निदान दोन-तीन लाख वर्षं झाली. आफ्रिकेबाहेर वस्ती करून राहिलेल्या माणसांचे पूर्वज साधारण ५० ते ७० हजार वर्षांपूर्वी तिथून निघाले, आणि निघाले तेही थोडेच. त्यांनी सोबत नेला तो त्या मोठ्या वारशाचा एक लहानसा हिस्सा. युरोपीय, चिनी, आपण भारतीय, सगळे मुख्यतः त्या हिश्श्यातून आलो. म्हणून जनुकांचं सर्वाधिक वैविध्य आजही आफ्रिकेतच आहे. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकी प्रदेशातल्या सान या आदिवासी लोकांचे जनुकसंच वाचले गेले, तेव्हा एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्या दोन सान माणसांत एका युरोपीय आणि एका आशियाई माणसापेक्षा जास्त फरक निघाला.

अभ्यासाचं चित्र मात्र नेमकं उलटं. कोणत्या जनुकीय बदलाचा कोणत्या आजाराशी संबंध आहे हे शोधण्यासाठी हजारो-लाखो लोकांचे जनुकसंच चाळले जातात. २०१६ मध्ये अशा अभ्यासांतले ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. आफ्रिकी वंशाचे सुमारे ३ टक्के, आणि त्यांतलेही बरेचसे अमेरिकेत राहणारे. पुढच्या काही वर्षांत हे ३ टक्केही घटले, कारण युरोपीय लोकांचे प्रचंड अभ्यास आणखी वेगाने वाढले.

यात अन्याय आहे, आणि शिवाय गणितही बिघडतं. आपल्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी रासायनिक अक्षरं असतात. स्वस्तातल्या तपासणीत ती सगळी वाचत नाहीत, ठरावीक काही लाख जागांवरची अक्षरं वाचतात आणि बाकीची शेजारावरून ताडतात. हे शक्य होतं, कारण गुणसूत्रावर जवळजवळ असलेली अक्षरं पिढ्यानपिढ्या सोबतच पुढे जातात. पण दर पिढीत आईकडच्या आणि वडिलांकडच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलतात. पत्त्यांचा नवा जोड एक-दोनदाच पिसला तर बदामचे बरेच पत्ते अजून लागोपाठ सापडतील, पन्नासदा पिसला तर एका पत्त्यावरून पुढचा सांगता येणार नाही. आफ्रिकेतला जोड कितीतरी जास्त वेळा पिसलेला आहे. त्यामुळे युरोपीय लोकांच्या जनुकसंचावरून बनवलेल्या खुणा आफ्रिकेत खऱ्या बदलाचा पत्ता सांगतीलच असं नाही. याचाच एक फायदाही आहे. आफ्रिकेत तुकडे लहान असल्यामुळे तिथे संबंध सापडला, तर दोषी बदल नेमका कोणता हे ठरवणं सोपं जातं.

आता 'पॉलिजेनिक स्कोअर'चा गवगवा आहे. मधुमेह किंवा हृदयविकार एका जनुकामुळे होत नाही. हजारो बदल प्रत्येकी किंचित हातभार लावतात. त्या सगळ्यांची बेरीज करून माणसाचा धोका सांगायचा, अशी ही कल्पना. २०१९ मध्ये एलिशिया मार्टिन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या माहितीवर हे गुणांक तपासले. युरोपीय लोकांच्या तुलनेत त्यांची अचूकता आफ्रिकी वंशाच्या लोकांत सुमारे ७८ टक्क्यांनी कमी भरली. दक्षिण आशियाई लोकांत, म्हणजे आपल्यात, सुमारे ३७ टक्क्यांनी. भारतात आता थुंकीच्या नमुन्यावरून हृदयविकाराचा धोका सांगणाऱ्या चाचण्या घरपोच मिळतात. तो धोका कोणत्या लोकांच्या आकड्यांवरून काढला आहे, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

दवाखान्यातल्या साध्या तपासण्यांची गोष्ट

जनुकांच्या या फरकांचा रोजच्या दवाखान्याशी काय संबंध, असं वाटेल. पश्चिम आफ्रिकी वंशाच्या बहुतेक लोकांच्या तांबड्या पेशींवर डफी नावाचा एक रेणू नसतो. व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी पेशीत शिरताना त्यालाच धरतो, म्हणून तो नसणं फायद्याचं ठरलं. त्याचा आणखी एक परिणाम असा की अशा लोकांच्या रक्तात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची संख्या मुळातच कमी असते. माणूस निरोगी असतो, जंतुसंसर्गाशी नीट लढतो, फक्त आकडा कमी. पण प्रयोगशाळेच्या कागदावरचा 'नॉर्मल' आकडा युरोपीय लोकांवरून ठरलेला. परिणामी कुणाचे कर्करोगाचे डोस विनाकारण कमी केले जातात. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला क्लोझापिन हे औषध नाकारलं जातं, आणि बाकीची औषधं लागू पडत नाहीत तेव्हा त्याचाच आधार असतो.

मधुमेहाची एचबीए१सी ही तपासणी आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. तांबड्या पेशीला तिच्या आयुष्यात किती साखर चिकटली यावरून ती तीन महिन्यांचा अंदाज देते. पण जी-६-पीडी या जनुकातल्या एका बदलामुळे तांबड्या पेशी लवकर मरतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि आकडा खोटाच कमी येतो. हा बदल आफ्रिकेत मलेरियामुळेच टिकला. अमेरिकेत फक्त याच तपासणीवर भिस्त ठेवली, तर सुमारे साडेसहा लाख कृष्णवर्णीय प्रौढांचा मधुमेह नजरेतून निसटेल, असा अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला. सिकलसेलची एक प्रत असलेल्यांमध्येही हा आकडा साखरेच्या मानाने कमी येतो, असं त्याच वर्षी दिसलं. हे वाचताना विदर्भ आणि नंदुरबारचे वाचक डोळ्यांसमोर येतात. सिकलसेलचे वाहक तिथे मोठ्या संख्येने आहेत. त्यांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरही तपासून घ्यावी आणि आपण वाहक असल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

सिकलसेलवरून आठवलं. एक प्रत असेल तर गंभीर मलेरियापासून बचाव, दोन असतील तर आजार, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या कामावरून दाखवलं. नागपूरकडे हा आजार असल्याचं १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी 'लॅन्सेट'मध्ये नोंदवलं. आजार एकच, पण आपल्याकडचा सिकलसेलचा बदल ज्या जनुकीय शेजारात बसलेला आहे तो आफ्रिकेतल्या सेनेगल, बेनिन, बांटू या प्रकारांपेक्षा वेगळा आहे, त्याला अरब-भारतीय प्रकार म्हणतात. यात गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही जास्त टिकतं, आणि त्यामुळे आजार सरासरीने सौम्य राहतो. 'सरासरीने' हा शब्द विसरू नये. विदर्भातल्या डॉक्टरांनी वारंवार वेदनेचे झटके येणारे, गंभीर रुग्ण भरपूर पाहिले आहेत.

औषधांच्या बाबतीत झिम्बाब्वेचं उदाहरण बोलकं आहे. एफाविरेन्झ हे एचआयव्हीचं औषध जगभर ६०० मिलिग्रॅमच्या डोसात दिलं जायचं. यकृतातलं सीवायपी-२बी-६ हे विकर (एन्झाइम) ते मोडून शरीराबाहेर काढतं. झिम्बाब्वेत जवळपास पाचातल्या एकाकडे या विकराच्या मंद रूपाच्या दोन प्रती आहेत. त्यांच्या रक्तात औषध साचत जातं. मग भयंकर स्वप्नं पडतात, भास होतात, नैराश्य येतं, आणि माणूस गोळ्या सोडून देतो. राजधानी हरारेतले शास्त्रज्ञ कॉलन मासिमिरेंब्वा यांनी तिथल्या रुग्णांवर काम करून अशांना कमी डोस पुरेल असं दाखवलं होतं. तरीही देशाने २०१५ मध्ये सरसकट एफाविरेन्झ सुरू केलं ते ६०० मिलिग्रॅमच्याच गोळीने. घरचा माणूस सांगत होता आणि नियमावली बाहेरून येत होती, याचा मला आजही राग येतो.

आपल्या लोकांचं आपण वाचायचं

हे चित्र बदलायला आफ्रिकेतल्याच शास्त्रज्ञांनी कंबर कसली. नायजेरियात वाढलेले चार्ल्स रोटिमी यांनी २००३ मध्ये आफ्रिकन सोसायटी ऑफ ह्यूमन जेनेटिक्स उभी केली. तिच्या पुढाकाराने, अमेरिकेची सरकारी आरोग्य-संशोधन संस्था एनआयएच आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांच्या पैशांतून, २०१० मध्ये एच-३-आफ्रिका हा आफ्रिकेतल्या जनुक-संशोधनाचा उपक्रम जाहीर झाला. तोवरची रीत अशी की परदेशी पथक यायचं, रक्ताचे नमुने बर्फात घालून घेऊन जायचं, आणि शोधनिबंध परदेशात छापून यायचा. एच-३-आफ्रिकात पैसे थेट आफ्रिकी संस्थांना मिळाले. नमुने साठवायच्या बँका युगांडा, नायजेरिया आणि दक्षिण आफ्रिकेत उभ्या राहिल्या. किडनीवरचा तो मोठा अभ्यास याच जाळ्यातून आला.

यातलाच ऑवी-जेन हा अभ्यास मला विशेष आवडतो, कारण त्याची ठिकाणंच बरंच काही सांगतात. दक्षिण आफ्रिकेतलं सोवेटो, अगिनकोर्ट आणि डिकगाले, केनियात नैरोबीच्या झोपडवस्त्या, घानात नावरोंगो, बुर्किना फासोत नानोरो. महानगराची वस्ती ते बाजरी-ज्वारी पिकवणारं खेडं. चाळिशी ते साठीतली सुमारे १२ हजार माणसं, त्यांचं वजन, रक्तदाब, साखर, किडनी आणि जनुकं. एकाच खंडात नानोरोतला शेतकरी सडपातळ आणि सोवेटोतली बाई स्थूल, हे जनुकांनी ठरवलं की डबाबंद अन्न आणि बसच्या प्रवासाने, हा प्रश्न अशा ठिकाणीच विचारता येतो. २०२० मध्ये एच-३-आफ्रिकाच्या संशोधकांनी ५० भाषिक-वांशिक गटांतल्या ४२६ लोकांचे जनुकसंच प्रसिद्ध केले. त्यात आधी कुठेही नोंद नसलेले ३० लाखांहून जास्त बदल निघाले. नुसत्या ४२६ माणसांत एवढे!

विश्वास कमवायचं कामही तेवढंच अवघड होतं. २०१० च्या त्या अभ्यासात सान लोकांबद्दल जे लिहिलं गेलं, त्यातला काही मजकूर त्यांच्या नेत्यांना खाजगी आणि अपमानास्पद वाटला. २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सान संघटनांनी स्वतःची संशोधन-आचारसंहिता जाहीर केली. आमच्याशी आदराने आणि सरळपणे वागा, निष्कर्ष छापण्याआधी आम्हाला दाखवा, फायदा झाला तर त्यात आमचा वाटा ठेवा, अशा तिच्या अटी आहेत. आपल्याकडे आदिवासी पाड्यांवर रक्त गोळा करायला जाणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी.

फायद्याचा वाटा हा शब्द मोघम वाटू नये म्हणून एक हिशेब सांगण्याजोगा आहे. टेक्सासमधल्या डॅलस शहरातल्या हृदय-अभ्यासात हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांना २००५ मध्ये दिसलं की कृष्णवर्णीयांपैकी सुमारे २ टक्के लोकांत पीसीएसके-९ हे जनुक बंद पडलेलं आहे आणि त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, खूप कमी आहे. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात अशा लोकांना हृदयविकाराचा धोका ८८ टक्क्यांनी कमी आढळला. मग झिम्बाब्वेतली एक तरुणी सापडली. तिच्याकडे या जनुकाच्या दोन्ही प्रती बंद होत्या, एलडीएल जेमतेम १५, आणि तब्येत उत्तम. हे प्रथिन रोखलं तरी माणसाला इजा होत नाही, याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता? औषध कंपन्यांनी त्यावरून इंजेक्शनं तयार केली, २०१५ मध्ये अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली. सुरुवातीची किंमत वर्षाला सुमारे १४ हजार डॉलर. ज्या झिम्बाब्वेतून तो पुरावा आला, तिथल्या सर्वसाधारण हृदयरोग्याच्या आवाक्यात ती येण्याचा प्रश्नच नव्हता.

एपोल-१ च्या बाबतीत आता तोच टप्पा जवळ येतो आहे. इनॅक्सॅप्लिन ही गोळी या प्रथिनाची भोकं बुजवते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६ जणांच्या छोट्या चाचणीत, गोळी नियमित घेतलेल्या १३ जणांमध्ये १३ आठवड्यांत लघवीतून जाणारी प्रथिनं सरासरी ४७.६ टक्क्यांनी घटली. मोठ्या चाचण्या सुरू आहेत, आणि त्यांत मुख्यतः धोक्याच्या दोन प्रती असलेले रुग्ण घेतले जातात. नायजेरियात बहुतेकांना डायलिसिसचा खर्च खिशातूनच करावा लागतो, आणि पैसे संपले की बरेच जण मध्येच थांबतात. तिथल्या किडनीतज्ज्ञांची मागणी साधी आहे. चाचण्या आमच्याकडेही घ्या, एक प्रत असलेल्यांचाही विचार करा, औषध मंजूर झालं तर आमच्याकडची किंमत आधीच ठरवा. आणि तोवर प्रत्येक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजण्याचं यंत्र आणि लघवीतली प्रथिनं दाखवणारी पट्टी असू द्या, कारण काही रुपयांची ती पट्टी रंग बदलते तेव्हा किडनी वाचवायला अजून वेळ असतो.